अतिदक्षता विभागातली जाणती सिस्टर

पेनगंगेच्या दोन्ही काठांवर कापूस पिकतो. अलीकडे तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं भीमपूर मंडल, पलीकडे महाराष्ट्रातला यवतमाळ जिल्हा. पावसाळा सरत आला की कपाशी कंबरेला लागते, फवारणीचा जोर वाढतो आणि दोन्हीकडच्या दवाखान्यांत ‘औषध लागलेले’ लोक येऊ लागतात. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं. त्या वेळी कंपन्या, कृषी केंद्रं, औषधांची घातक मिश्रणं, फवारणीचे पंप या सगळ्यांवर बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. रात्री दोन वाजता त्या रुग्णांच्या खाटेजवळ कोण होतं आणि त्या माणसाला काय येत होतं, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. हा लेख त्या माणसाविषयी आहे.

कपाशीवर मारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फरस हा एक मोठा गट आहे. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना ॲसिटाइलकोलीन नावाच्या रसायनातून हुकूम देतात आणि काम झालं की एक एन्झाइम ते रसायन मोडून टाकतं. हे विष त्या एन्झाइमलाच बांधून ठेवतं. मग हुकूम सुटतच राहतात. तोंडाला फेस येतो, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते आणि फुप्फुसं स्रावाने भरू लागतात. रुग्ण या स्रावाने गुदमरू शकतो.

उतारा म्हणून ॲट्रोपिन देतात. आपल्याकडे मिळणाऱ्या त्याच्या बहुतेक अँप्युलमध्ये 0.6 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे पहिल्याच डोसला तीन ते पाच अँप्युल फोडाव्या लागतात. साधारण पाच मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि फरक नसेल तर डोस दुप्पट करायचा. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. डॉक्टर ऑर्डर लिहितात, आणि त्यांना बोलावणारे आणखी चार रुग्ण असतात. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून घरघर थांबली का ते ऐकणं, काखेत हात घालून घाम सुकला का ते पाहणं, नाडी ऐंशीच्या वर गेली का, रक्तदाब सावरला का, हे सगळं सिस्टरच्या हातात असतं. बाहुल्या उशिरा पसरतात, त्यामुळे नुसत्या बाहुल्यांवर भिस्त ठेवली तर घोटाळा होतो. शिकाऊ सिस्टर बाहुल्या बघते, जाणती सिस्टर आधी छाती ऐकते.

ॲट्रोपिन जास्त झालं तरी पंचाईत होते. रुग्णाला ताप चढतो, तो बडबडतो, सलाईन ओढून काढतो, लघवी अडकते, पोटातले आवाज बंद होतात. नातेवाइकांना वाटतं विष मेंदूत गेलं, आणि नवख्या कर्मचाऱ्यालाही कधी तसंच वाटून डोस आणखी वाढवला जातो. औषध कमी पडलं की जास्त झालं हे ताडणं म्हणजेच या कामातलं कसब. शिवाय आणखी एक साधी गोष्ट असते, जी हमखास राहून जाते. रुग्णाचे फवारणीचे कपडे काढून गाठोडं बांधून खाटेखाली सरकवलेलं असतं आणि केसांत, नखांत औषध तसंच असतं. कातडीतून विष शिरत राहतं आणि वरून ॲट्रोपिन चालू. हातमोजे घालून त्याला साबणाने धुणं आणि ते गाठोडं वॉर्डाबाहेर काढणं हे काम कोणत्याच केसपेपरवर ठळक लिहिलेलं नसतं.

खरी कसोटी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागते. रुग्ण शुद्धीवर आलेला असतो, चहा मागतो, ‘घरी सोडा, कापूस वेचायला आलाय’ म्हणतो. याच टप्प्यावर, विष गेल्यापासून साधारण 24 ते 96 तासांत, काही रुग्णांचे मानेचे, खांद्याचे आणि श्वासाचे स्नायू अचानक लुळे पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये या प्रकाराचं नीट वर्णन केलं, आणि तीव्र विषबाधा व नंतरचा नसांचा विकार यांच्या मधला म्हणून त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम हे नाव पडलं. तो ओळखायची युक्ती बिनपैशाची आहे. दर तासाला रुग्णाला उताणं झोपवून म्हणायचं, ‘दादा, उशीवरून डोकं उचला बरं.’ सकाळी उचलत होता आणि दुपारी उचलत नाही, म्हणजे श्वासाचे स्नायू आता थकणार. व्हेंटिलेटरची तयारी तेव्हाच झाली तर माणूस वाचतो. ओठ निळे पडेपर्यंत थांबलं तर बहुधा उशीर झालेला असतो.

ज्या सिस्टरला हे येतं, तिला जगात एक हुद्दा आहे: अ‍ॅक्यूट केअर क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट, म्हणजे तातडीच्या आणि गंभीर आजारांतली तज्ज्ञ परिचारिका. अमेरिकेत या कल्पनेने मूळ धरलं ते मनोरुग्णांच्या शुश्रूषेत. हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी 1954 मध्ये रटगर्स विद्यापीठात तज्ज्ञ परिचारिका घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आज त्या देशात प्रगत परिचर्येच्या चार शाखा मानतात: नर्स प्रॅक्टिशनर, भूल देणारी परिचारिका, सुईणकाम करणारी परिचारिका आणि ही क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट. पदव्युत्तर शिक्षण आणि त्यावर प्रमाणपत्र परीक्षा, असा तिचा मार्ग. तातडीच्या आजारांत ही परीक्षा तीन वयोगटांसाठी वेगळी असते: प्रौढ-वृद्ध, बालकं आणि नवजात. अनेक राज्यांत तिला औषधं लिहून द्यायचाही अधिकार आहे.

नर्स प्रॅक्टिशनर आणि ही तज्ज्ञ यांत लोकांची गल्लत होते. प्रॅक्टिशनर बहुतेक वेळ रुग्ण तपासण्यात आणि उपचार ठरवण्यात घालवते. स्पेशालिस्ट एकाच वेळी तीन ठिकाणी लक्ष घालते: रुग्ण, इतर परिचारिका आणि रुग्णालयाची व्यवस्था. आपल्या विषबाधेच्या रुग्णावरच बोलायचं तर ती अवघड रुग्णाच्या खाटेशी स्वतः उभी राहील. शिवाय ॲट्रोपिनचा तक्ता आखून देईल, ज्यात दर पाच मिनिटांच्या नोंदीला रकाना असेल आणि ‘मान उचलली का’ हा प्रश्न छापलेला असेल. नव्या मुलींना तो भरायला शिकवेल. आणि हंगामाआधीच औषध भांडाराच्या मागे लागून अँप्युलचा साठा वाढवून घेईल. तक्ता, शिकवणी आणि साठा ही कामं दिसत नाहीत, म्हणून त्यांना पगारपत्रकात जागा मिळत नाही, असं माझं निरीक्षण आहे.

भारतात या नावाचं पद सरकारी रुग्णालयांत सहसा सापडणार नाही. महाराष्ट्रात अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी उतरंड आहे. तेलंगणातही तशीच उतरंड आहे. दोन्हीकडे बढतीबरोबर सिस्टर रुग्णापासून दूर आणि रजिस्टरच्या जवळ जाते. जिला छाती ऐकता येते तिला वीस वर्षांनी ड्यूटी लावायला आणि चादरी मोजायला बसवतात. तज्ज्ञ डॉक्टरच्या बाबतीत असं झालं असतं तर आपण हसलो असतो.

शिक्षण मात्र आहे. भारतीय परिचर्या परिषद 1947 च्या कायद्याने स्थापन झाली. आता तिच्या जागी नवी रचना आणणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा संसदेने 2023 मध्ये केला. परिषदेने आखलेले तीन रस्ते या विषयाशी थेट जोडलेले आहेत. पहिला, नोंदणीकृत परिचारिकेसाठी एक वर्षाची पोस्ट बेसिक पदविका. तिच्यात क्रिटिकल केअर, आपत्कालीन व आपत्ती परिचर्या, नवजात परिचर्या असे वेगवेगळे विषय आहेत. दुसरा, दोन वर्षांचं एमएस्सी नर्सिंग. त्यात मेडिकल-सर्जिकल शाखेखाली क्रिटिकल केअर किंवा हृदय-छाती असा विशेष विषय घेता येतो. तिसरा रस्ता सर्वांत नवा आणि आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा: नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर. हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम. बीएस्सी नर्सिंगनंतर प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेल्यांना त्यात प्रवेश मिळतो. वर्गातले तास थोडे आणि बहुतेक काळ आयसीयूत, रुग्णालयाने ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलखाली निर्णय घ्यायला शिकत.

प्रोटोकॉलखाली परिचारिकेने निर्णय घेणं ही कल्पना आपल्या भागाला परकी वाटू नये. विदर्भातल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि ठरलेल्या नियमाने जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तेलंगणाचंही उदाहरण आहे. या राज्याने 2017 मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या साथीने सरकारी परिचारिकांना व्यावसायिक प्रसाविका म्हणून घडवायला सुरुवात केली, देशाची प्रसाविका सेवांची मार्गदर्शक तत्त्वं त्यानंतर वर्षभराने आली. बाळंतपणात ज्या राज्याने हे केलं, त्याला आयसीयूत करणं अशक्य नाही.

अडचण खरी तर शिकून आल्यानंतर सुरू होते. पदविका घेतलेली सिस्टर आयसीयूतच राहील याची हमी नसते. बऱ्याच रुग्णालयांत ठरावीक महिन्यांनी वॉर्ड बदलायची पद्धत आहे. सगळ्यांना सगळं यावं, कोणावर अन्याय नको, हा त्यामागचा हेतू समजू शकतो. पण व्हेंटिलेटरचा अलार्म ऐकून नळी वाकली आहे की कफ अडकला आहे हे ओळखणारी सिस्टर डोळ्यांच्या ओपीडीत चिठ्ठ्या देत बसली, तर शिक्षणावरचा खर्च वाया गेला असंच म्हणायचं. माझं स्पष्ट मत आहे की आयसीयू, नवजात कक्ष आणि कॅज्युअल्टी यांना ही फिरती लावूच नये. लावायचीच तर या तीनच विभागांत आपापसांत लावावी.

संख्येचा प्रश्न तर आहेच. परिषदेच्या निकषाप्रमाणे आयसीयूत प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका हवी. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये अमेरिकेतल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. आपल्याकडे वाढणारे रुग्ण एकाएकाने वाढत नाहीत.

आता भीमपूरच्या माणसाने काय करावं? रुग्णाला आपली सिस्टर निवडता येत नाही, हे खरं. गंभीर रुग्ण आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग आदिलाबादचं रिम्स, म्हणजे 2008 साली सुरू झालेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, या वाटेने जातो. काही जण नदी ओलांडून पांढरकवडा, यवतमाळ, सेवाग्राम गाठतात. राष्ट्रीय महामार्ग 44 वर आदिलाबादहून नागपूर सुमारे 200 आणि हैदराबाद सुमारे 300 किलोमीटर. पण खासगी दवाखाना निवडताना किंवा रुग्ण पुढे हलवताना निवड आपल्या हातात असते, आणि तेव्हा आपण यंत्रं बघतो. व्हेंटिलेटर किती, सीटी स्कॅन आहे का, एवढं विचारून मोकळे होतो.

विचारायला हवं ते असं. आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टर कोण आहेत आणि त्यांनी क्रिटिकल केअरचं शिक्षण कुठे घेतलं? रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात? त्या कायम आयसीयूत असतात की वॉर्डातून पाठवतात? रात्री रुग्ण बिघडला तर सिस्टर कोणाला फोन करतात आणि तो डॉक्टर इमारतीत असतो की घरी? चांगल्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं न चिडता मिळतात. ‘तुम्ही काळजी करू नका’ एवढंच उत्तर आलं तर काळजी करायला हरकत नाही.

विचारायचा संकोच वाटला तर डोळे उघडे ठेवावेत. पाळी बदलताना दोघी सिस्टर खाटेजवळ उभ्या राहून रुग्ण, नळ्या आणि औषधं एकमेकींना दाखवून सोपवतात, की टेबलाशी बसून वही पुढे सरकवतात? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचं डोकं 30 ते 45 अंश उंच ठेवलेलं आहे का? सपाट झोपवलेल्या रुग्णाच्या घशातला स्राव फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात निर्जंतुक होतात का? कूस बदलल्याची वेळ तक्त्यावर लिहिलेली आहे का? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग मेंदूला इजा झाल्याने 1973 पासून 2015 पर्यंत तिथेच खाटेवर होत्या. तोवरच्या वर्षांत त्यांना एकदाही बेडसोअर झाला नाही, असं त्या हयात असताना रुग्णालयाच्या वतीने सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितलं गेलं. त्यामागे कोणतंही यंत्र नव्हतं, परिचारिकांच्या पिढ्या होत्या.

घरी परिचारिका ठेवायची वेळ आली, गळ्यात नळी असलेला किंवा ऑक्सिजनवरचा रुग्ण घरी आणला, तर ब्यूरोने पाठवलेल्या व्यक्तीचा राज्य परिचर्या परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. पांढरा कोट घातलेली प्रत्येक व्यक्ती परिचारिका नसते. कित्येकदा ती प्रेमाने सेवा करणारी पण नळीतला कफ खेचायला न शिकलेली अटेंडंट असते. नोंदणी राज्याची असते, म्हणून तेलंगणात काम करणाऱ्याकडे तेलंगणाची नोंदणी हवी.

भीमपूरला आणखी एक गोष्ट लागू होते, जी हैदराबादच्या माणसाच्या लक्षात येणार नाही: भाषा. या पट्ट्यात घरात मराठी बोलतात, अनेक घरांत गोंडी, आणि दवाखान्याचं कामकाज तेलुगूत. रुग्णाची शुद्ध मोजायला जगभर ग्लासगो कोमा स्केल वापरतात. 1974 पासून चालत आलेल्या या मापनात 15 पैकी पाच गुण बोलण्याला आहेत. नाव काय, कुठे आहात, महिना कोणता, या प्रश्नांना नीट उत्तर आलं तर पूर्ण गुण, गोंधळलेलं आलं तर एक कमी. तेलुगूतून विचारलेला प्रश्न न समजलेली मराठी आजी गप्प राहिली किंवा भलतंच बोलली, तर ती प्रत्यक्षाहून जास्त बेशुद्ध ठरू शकते. उलटही होतं. तिची बडबड खरोखरच भ्रमाची असते आणि ‘मराठीत काहीतरी बोलतेय’ म्हणून सोडून दिली जाते. अशा वेळी घरच्या माणसाने पुढे होऊन सांगावं, ‘सिस्टर, ती नीट बोलत नाहीये, सकाळी बोलत होती.’ हा फरक कळवणं म्हणजे ढवळाढवळ नव्हे. जाणती सिस्टर असं सांगणाऱ्याला जवळ उभं करून घेते.

फवारणीच्या दिवसांत घरच्यांनी करायचं एवढंच. रुग्णाचे कपडे शेतातच उतरवा, अंग साबण-पाण्याने धुवा, धुणाऱ्याने हातात प्लास्टिकची पिशवी तरी घालावी. औषधाची बाटली सोबत न्या, एकाहून जास्त औषधं मिसळली असतील तर सगळ्यांच्या न्या. सगळी कीटकनाशकं एका गटातली नसतात आणि ॲट्रोपिन सगळ्यांवर चालत नाही. 108 ला फोन लावल्यावर आधी राज्य, जिल्हा आणि मंडल सांगा. पेनगंगेच्या काठावर मोबाइल कधी पलीकडचा टॉवर पकडतो आणि महाराष्ट्राची 108 सेवा पुण्यातून चालते, तेलंगणाची हैदराबादहून. रुग्ण बरा वाटला तरी चार दिवस पुरे होईपर्यंत सुट्टीसाठी घाई करू नका.

शेवटी एक विनंती भीमपूर-तामसीकडच्या नर्सिंग शिकलेल्या मुलींना आणि मुलांना. मराठी, तेलुगू आणि जमल्यास गोंडी येणारी क्रिटिकल केअरची परिचारिका या पट्ट्याला हवी आहे, आणि ती बाहेरून येण्याची शक्यता कमी आहे. वॉर्डातल्या अनुभवानंतर एक वर्षाची पदविका किंवा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम, दोन्ही रस्ते तुम्हाला खुले आहेत. फी भरण्याआधी ते महाविद्यालय त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी मान्यताप्राप्त आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहून घ्या. एजंटच्या शब्दावर जाऊ नका.